वृक्षवैद्याची सनद

माणसाच्या अंगाला शस्त्र लावायचे तर वैद्यकाची पदवी लागते. न्यायासनापुढे दुसऱ्याची बाजू मांडायची तर वकिलीची सनद लागते. भाड्याची मोटार हाकायची म्हटली तरी खिशात परवाना असावा लागतो. परंतु शंभर वर्षांच्या निंबाच्या अंगाला कुऱ्हाड लावायची असेल तर काय लागते? कुऱ्हाड लागते, आणि दिवसाची मजुरी ठरवणारा कोणी तरी लागतो. ती कुऱ्हाड चालवणाऱ्याला झाडाची जात कळते काय, फांदी कोठे तोडावी हे त्याला कोणी शिकवले आहे काय, हे विचारण्याची चाल आपल्याकडे नाही. ही चाल पूर्वीपासूनच नव्हती, की होती आणि मोडली, याचा विचार आजच्या विषयात करावयाचा आहे. झाडांची निगा राखणाऱ्याचे शिक्षण आणि त्याचा अधिकार यांचा हा इतिहास आहे. आणि तो सांगण्यास गोंदियासारखे ठिकाण दुसरे नाही, असे आमचे मत आहे.

असे म्हणण्याचे कारण उघड आहे. या शहराचे नावच झाडाच्या अंगातून निघालेले आहे, असे परंपरेने सांगितले जाते. रानातला गोंद, म्हणजे डिंक, आणि लाख घेऊन माणसे येथे येत. त्या गोंदावरून गोंदिया. शहराला लागून असलेले फुलचूर घ्या. ते ग्रामपंचायतीचे गाव म्हणून वाढले आणि वाढता वाढता शहराला येऊन भिडले. कोठे शहर संपते आणि कोठे फुलचूर लागते, हे परक्या माणसाला सांगता येणार नाही. पूर्वेस आणि दक्षिणेस गेलो तर रान लागते, उत्तरेस गेलो तर बालाघाट. रान, गाव आणि शहर यांच्या सांध्यावर आपण राहतो. आणि झाडांच्या बाबतीत नेमका हा सांधाच आपल्याला नडतो. तो कसा, हे पुढे येईल.

प्रथम जुन्या काळाकडे वळू. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे हस्तलिखित म्हैसूरच्या शामशास्त्र्यांच्या हाती १९०५ साली आले आणि १९०९ साली ते छापून निघाले. त्या ग्रंथात सरकारी शेतीवरच्या अधिकाऱ्याला सीताध्यक्ष म्हटले आहे. त्याची पात्रता सांगताना ग्रंथकार म्हणतो की, त्याला कृषितंत्र, जमिनीची मोजणी आणि वृक्षायुर्वेद यांचे ज्ञान असावे. आणि ते स्वतःला नसेल, तर ज्याला आहे असा मनुष्य त्याच्या सोबतीला असावा. हे वाक्य अतिशय लहान आहे, परंतु त्यात राज्यकारभाराचे मोठे शहाणपण भरलेले आहे. अधिकारी सर्वज्ञ असेल अशी अपेक्षा कौटिल्य करीत नाही. मात्र ज्ञानावाचून अधिकार चालवू नये, एवढे तो बजावून ठेवतो. त्याच ग्रंथात नगराच्या उपवनांतील फुलाफळांच्या आणि सावलीच्या झाडांना इजा करणाऱ्यास दंड सांगितला आहे: कोंब तोडल्यास सहा पण, लहान फांदी तोडल्यास बारा, मोठी फांदी तोडल्यास चोवीस, आणि बुंध्याला घाव घातल्यास त्याहून जबर. म्हणजे फांदी आणि फांदी यांत फरक असतो, आणि सावली ही नगराची मालमत्ता आहे, या दोन गोष्टी त्या काळी राज्यकर्त्यांना ठाऊक होत्या.

त्यानंतर सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाला एक स्वतंत्र अध्याय दिला. थंडी, वारा आणि ऊन यांनी झाडाला रोग होतो, मग पाने फिकी पडतात, कोंब वाढत नाहीत, फांद्या वाळतात, रस गळतो, अशी लक्षणे तो सांगतो. उपचारही सांगतो: बिघडलेला भाग शस्त्राने काढून टाकावा, वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, दूधपाण्याचे सिंचन करावे. पुढे सुरपाल नावाच्या पंडिताने वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलीयन ग्रंथालयात होते. त्याचे इंग्रजी भाषांतर १९९६ साली सिकंदराबादेहून प्रसिद्ध झाले. सुरपाल झाडालाही वात, पित्त आणि कफ हे दोष लावतो. आजच्या शास्त्राला ते मान्य होणार नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. झाड आजारी पडते, त्याच्या आजाराला कारण असते, आणि कारण ओळखल्यावाचून उपचार करू नये, हा वैद्याचा दृष्टिकोन त्यात पूर्णपणे आहे. उपाय कालबाह्य झाले; दृष्टी कालबाह्य झालेली नाही.

आपल्या मराठी राज्यातही या बाबतीत विचार झालेला दिसतो. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी एक प्रकरण आहे. साग वगैरे लाकूड परवानगीने तोडावे. परंतु आंबा, फणस यांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय आहे. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन ते घ्यावे, असेही सांगितले आहे. कोणते झाड जीर्ण झाले हे ठरवायला जाणता माणूसच लागतो, हे येथे गृहीत धरलेले आहे.

आता ग्रंथांतून बाहेर येऊन आपल्या भोवतालच्या रानात पाहू. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर लाखेचा किडा वाढतो. तो जून फांदीवर बसत नाही; त्याला कोवळी फूट लागते. म्हणून लाख घेणाऱ्याला आधी झाडाची छाटणी करावी लागते, आणि ती अशी की नवी फूट जोमाने यावी पण झाड खचू नये. कुसुमाला छाटल्यावर दीड वर्षाच्या आसपास विसावा द्यावा लागतो, हे रानातल्या माणसांना अनुभवाने ठाऊक असते. तेंदूचेही तसेच. विडीला लागणारे मऊ, मोठे पान हवे असेल तर पानतोडीच्या आधी झुडूप छाटावे लागते. डिंकाची गोष्ट मात्र दुहेरी आहे. जाणता मनुष्य खोडावर बेताची खाच घेतो आणि झाडाला भरून येण्यास अवधी देतो. अधिक डिंकाच्या लोभाने कोणी कुऱ्हाडीचे खोल घाव घातले तर दोनचार हंगामांत ते झाड संपते. म्हणजे झाडाला किती आणि कोठे कापावे, ही विद्या आपल्या मुलखात होती. तिला शाळा नव्हती आणि कागद नव्हता. बापामागून मुलगा ती शिकत असे. तिची परीक्षा पुढच्या वर्षीच्या पिकात होत असे, आणि त्या परीक्षेत कोणाची वशिलेबाजी चालत नसे.

इंग्रजी अमदानीत या विद्येला प्रथमच पदवी आणि पगार जोडला गेला. गंमत अशी की हिंदुस्थानातले पहिले वनाधिकारी हे खरोखरीच वैद्य होते. मुंबई इलाख्यात १८४७ साली जंगलांचा कॉन्झर्व्हेटर म्हणून नेमलेला अलेक्झांडर गिब्सन हा व्यवसायाने शस्त्रवैद्य असून पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेवर देखरेख करीत असे. मद्रासेकडे १८५६ साली त्याच कामावर नेमलेला ह्यू क्लेगहॉर्न हाही डॉक्टरच. याचे कारण असे की, त्या काळी वनस्पतिशास्त्र हा वैद्यकीच्या अभ्यासक्रमाचा एक भाग होता, आणि झाडे ओळखणारा शिकलेला मनुष्य म्हणजे डॉक्टर, असे समीकरण झालेले होते. बाकीची जागा लष्करी अधिकाऱ्यांनी भरून काढली. नेमबाजी चांगली आणि रानात राहण्याची हौस, एवढी पात्रता पुष्कळदा पुरेशी समजली जाई.

ही स्थिती बदलली ती डीट्रिख ब्रांडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. १८६४ साली तो हिंदुस्थान सरकारचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. जंगल सांभाळणे हा हौसेचा विषय नसून शिकण्याचा धंदा आहे, हे त्याने सरकारच्या गळी उतरवले. वरिष्ठ अधिकारी होऊ इच्छिणारे तरुण फ्रान्समधील नान्सी येथे आणि जर्मनीत शिकण्यास जाऊ लागले. परंतु रानात प्रत्यक्ष काम करणारा मनुष्य देशीच असणार, आणि त्याचे शिक्षण येथेच झाले पाहिजे, हेही ब्रांडिसने ओळखले होते. त्यातून १८७८ साली डेहराडूनची वनशाळा निघाली. तेथे इंग्रजीतून वरचा वर्ग आणि देशी भाषेतून खालचा वर्ग, अशी व्यवस्था होती. वर्गात वनस्पतिशास्त्र, मोजणी, कायदा. आणि वर्गाबाहेर महिनोन् महिने जंगलातला मुक्काम. सर्टिफिकेट मिळे ते या दोन्हींनंतर. आपल्या देशात झाडांच्या कामाची पहिली रीतसर सनद हीच, असे म्हणण्यास हरकत नाही.

या इतिहासातले पुढचे पान आपल्या अगदी दाराशी लिहिले गेले. १९०७ साली बालाघाट येथे वनशाळा सुरू झाली. गोंदियाहून बालाघाट सुमारे चाळीस किलोमीटर. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून जबलपूरकडे छोटी रेल्वे सुरू झाली होती, तिच्याच वाटेवर हे गाव. मध्यप्रांताच्या रानांत रखवालीचे काम करणाऱ्यांना तेथे शिक्षण मिळू लागले. आपल्याकडे ज्याला नाकेदार म्हणतात, त्या नाकेदाराला झाडांची नावे, बियांची रोपे करणे, कूप आखणे, वणवा विझवणे, लाकूड मोजणे हे शिकवणारी ही शाळा होती. त्या काळी भंडारा आणि बालाघाट हे एकाच प्रांतातले शेजारी जिल्हे, आणि गोंदिया हे भंडारा जिल्ह्यातले गाव. म्हणून ही शाळा आपलीही होती. आज पुणेमुंबईकडच्या लोकांना वृक्षविद्येचे शिक्षण ही नवी कल्पना वाटते; ती आपल्या शेजारी शंभर वर्षांहून अधिक काळ नांदते आहे, हे आपण विसरता कामा नये.

तथापि या शिक्षणाचे मूल्यमापन करताना एक भेद ओळखला पाहिजे. ब्रांडिसची विद्या ही वनाची विद्या होती. रेल्वेला स्लीपर हवे होते, बांधकामाला साग हवा होता, आणि हे लाकूड पिढ्यान् पिढ्या मिळत राहावे म्हणून जंगल कसे राखावे, हा तिचा मुख्य प्रश्न होता. त्या प्रश्नाचे उत्तर तिने शास्त्रशुद्ध दिले, यात शंका नाही; त्या उत्तराची किंमत रानात राहणाऱ्या माणसांना आपले जुने हक्क गमावून मोजावी लागली, हाही इतिहास आहे. परंतु आपल्या आजच्या विषयाला महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. वनशास्त्र हजारो झाडांचा एकत्र विचार करते. वाकडे झाड काढावे, सरळ ठेवावे. दाटी झाली तर विरळणी करावी. वय झाले की तोडावे. शहरातल्या चौकातला पिंपळ या हिशेबात बसत नाही. तो एकटा आहे. त्याचे लाकूड कोणाला नको आहे. तो वाकडा असला तरी हवा आहे, आणि म्हातारा झाला म्हणून तर अधिकच हवा आहे. वनशास्त्रज्ञ आणि वृक्षवैद्य यांत साथीच्या रोगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी आणि घरचा डॉक्टर यांच्याइतके अंतर आहे.

मग या एकट्या झाडाची जबाबदारी कोणावर होती? रस्त्याकडेची झाडे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, बागेतली झाडे माळ्याकडे, अमराई मालगुजाराकडे, देवळाचा वड देवाकडे, अशी ती वाटली गेली होती. बांधकाम खात्याच्या माणसाला रस्ता कळे. माळ्याला फूलझाडे आणि कलमे कळत. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ साली निघाले, महाराजबाग त्याला जोडलेली; तेथून फळबागांचे उत्तम जाणकार तयार झाले. परंतु सावलीच्या थोराड झाडावर दोर बांधून चढणारा, त्याची पोकळी तपासणारा आणि त्याची मुळे राखणारा असा शिकलेला मनुष्य कोठल्याच शाळेतून बाहेर पडला नाही.

१९५१ साली मध्यप्रांतातली मालगुजारी संपली. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. एका रेषेने शाळा पलीकडे गेली आणि रान अलीकडे राहिले. महाराष्ट्राने पुढे आपली व्यवस्था उभी केली. चंद्रपूर आणि सांगली जिल्ह्यातील कुंडल येथे वनखात्याच्या प्रबोधिनी आहेत. अकोला आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची चार वर्षांची पदवी मिळते. कृषी विद्यापीठांतून माळी प्रशिक्षणाचे वर्ग चालतात. शिक्षण नाही असे मुळीच नाही. परंतु एका टोकाला वन आणि दुसऱ्या टोकाला बाग. मधला रस्ता मोकळाच राहिला. आणि आपण सगळे राहतो ते त्या मधल्या रस्त्यावर.

कायद्याने हा रस्ता भरून काढण्याचा यत्न केला आहे. महाराष्ट्राने १९७५ साली नागरी क्षेत्रांतील झाडांच्या जतनाचा कायदा केला. त्याने वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी निर्माण केले. परवानगीवाचून झाड तोडू नये, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी, असे ठरवले. नगरपालिकेच्या हद्दीबाहेर मात्र १९६४ चा झाडतोडीचा कायदा लागू होतो. त्याला साग, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ अशा झाडांची एक यादी जोडलेली आहे, आणि तेथे परवानगीचा अधिकार वनखात्याकडे जातो. आता फुलचूर नाक्याचा विचार करा. नगरपरिषदेच्या हद्दीतल्या झाडाला एक कायदा आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या झाडाला दुसरा. एकीकडे सावलीसाठी केलेला, दुसरीकडे मुख्यतः लाकूड आणि उत्पन्न देणाऱ्या जातींसाठी केलेला. झाडाला हद्द कळत नाही. त्याची मुळे एका बाजूला आणि फांद्या दुसऱ्या बाजूला असू शकतात. आरंभी ज्या सांध्याचा आम्ही उल्लेख केला तो हाच. गावे शहरे होत असताना, म्हणजे घरे, गटारे आणि रस्ते यांची कामे सर्वांत जास्त चालू असताना, झाडाची देखरेख सर्वांत कमी असते.

आणि जेथे कायदा पुरा लागू आहे तेथे तरी जाणता मनुष्य आहे काय? २०१८ साली हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणात तज्ज्ञ सभासद नाहीत, मग ते झाडे तोडण्याचे निर्णय कसे घेते, असा तो वाद होता. आणि तज्ज्ञांवाचून असे निर्णय घेण्यास न्यायालयाने प्राधिकरणाला मनाई केली. कौटिल्याने सीताध्यक्षाला घातलेली अटच दोन हजार वर्षांनी न्यायालयाच्या मुखातून पुन्हा उच्चारली गेली.

२०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड हे वारसा वृक्ष ठरले, आणि झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचा दंडक आला. हेतू उत्तम आहे. परंतु त्यामुळे झाडाचे वय हा कायद्याचा प्रश्न झाला. सागाच्या लाकडात दर वर्षाचे कडे स्पष्ट दिसते. निंब, वड, पिंपळ यांच्यात ते तसे स्पष्ट नसते. शिवाय कडी मोजण्यासाठी उभ्या झाडाला भोक पाडणे म्हणजे त्याला जखम करणे. तेव्हा घेर, जात, जमीन, जुनी छायाचित्रे, वृद्धांच्या आठवणी, सरकारी दप्तर यांवरून अंदाज बांधावा लागतो. एकोणपन्नास की एक्कावन्न, यावर ज्याचे जीवन अवलंबून आहे, त्याचे वय कोणी सांगावे? ज्याला या सर्व खुणा वाचता येतात त्यानेच. कायदा जितका बारीक होतो, तितकी शिकलेल्या नजरेची गरज वाढते.

येथे परदेशातल्या एका इतिहासाकडे पाहणे उपयोगी होईल. जॉन डेव्ही नावाचा इंग्रज माळी १८७३ साली अमेरिकेत गेला. ओहायो प्रांतातील केंट गावात त्याने एकेका झाडावर उपचार करण्याचा धंदा सुरू केला आणि १९०१ साली आपल्या पुस्तकाला ‘झाडांचा डॉक्टर’ या अर्थाचेच नाव दिले. पुढे १९०९ साली त्याच्या मंडळींनी कामगारांना शिकवणारी शाळा काढली. १९२४ साली सावलीच्या झाडांचे अभ्यासक आणि व्यावसायिक एकत्र आले; त्या परिषदेतूनच पुढे वृक्षसंगोपनाची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. या संस्थेने १९९२ साली परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्यास आरंभ केला. आधी सुमारे तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव, किंवा शिक्षण आणि अनुभव यांची सांगड. मग दोनशे प्रश्नांची परीक्षा. आणि पुढे दर तीन वर्षांनी, आपण नवे काही शिकलो याचा पुरावा देऊन प्रमाणपत्राचे नूतनीकरण.

हे नूतनीकरण कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या विद्येच्या इतिहासातच आहे. डेव्हीच्या पिढीचे वृक्षवैद्य झाडाची पोकळी खरवडून साफ करीत आणि तीत सिमेंट भरीत. जखमेला डांबर किंवा रंग फासत. फांदी खोडाशी अगदी सपाट कापणे ही कुशलतेची खूण मानली जाई. पुढे ॲलेक्स शायगो या अमेरिकन वनखात्यातील शास्त्रज्ञाने करवतीने हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या जुन्या जखमा आतून पाहिल्या. १९७० च्या दशकात त्याने दाखवून दिले की, माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड बिघडलेल्या भागाभोवती भिंत उभारते आणि त्याला कोंडून टाकून त्याच्या बाहेर नवे लाकूड वाढवते. पोकळी खरवडली की ती भिंतच फुटते. रंगाने कुजणे थांबत नाही. फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते ती त्या भिंतीची जागा. फांदी सपाट कापली की ती कड जाते आणि कूज खोडात शिरते. पाऊणशे वर्षे तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांनी मन लावून केलेले काम झाडांना अपायकारक ठरले. सनद एकदा मिळाली की जन्माची झाली, ही समजूत किती घातक आहे, हे सांगण्यास दुसरे उदाहरण नको.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. कागदाने का मनुष्य जाणता होतो? लाखेसाठी पळस छाटणाऱ्या आमच्या गोंड शेतकऱ्याला कोणते प्रमाणपत्र होते? हे खरे आहे. परंतु याचे उत्तरही आपल्याच जिल्ह्यात आहे. मारुती चितमपल्ली हे सोलापूरचे. कोइमतूरच्या वनमहाविद्यालयात त्यांचे रीतसर शिक्षण झाले, आणि वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधच्या रानात त्यांनी वर्षे काढली. २०२५ साली ते निवर्तले. त्यांचे लेखन वाचणाऱ्याला दिसते की, महाविद्यालयाच्या शिक्षणावर ते थांबले नाहीत. रानातल्या आदिवासी माणसांकडून, कोळ्यांकडून ते शिकत राहिले, आणि जुने संस्कृत ग्रंथ वाचता यावेत म्हणून वय झाल्यावर संस्कृत शिकले. शाळेची विद्या, रानाची विद्या आणि ग्रंथाची विद्या या तिन्ही एका माणसात एकत्र आल्या तर काय होते, ते महाराष्ट्राने त्यांच्यात पाहिले. सनद हा दरवाजा आहे, घर नव्हे. परंतु दरवाजाच नसेल तर घरात कोणीही शिरतो, हेही तितकेच खरे.

आपल्या देशात झाडावर काम करणाऱ्याला कायद्याने सक्तीचा असा परवाना नाही, आणि तो उद्या येईल अशी वाट पाहत बसण्याचे कारणही नाही. वृक्षवैद्याची परीक्षा गावाला स्वतः घेता येते. पावसाळ्यापूर्वी तारांखालची झाडे छाटण्यास माणसे येतात, तेव्हा आपण तीन गोष्टी पाहाव्या. जड फांदी तो एका घावात पाडतो, की आधी खालून खाच, मग थोडे पुढे वरून काप आणि शेवटी बुडाची कड राखून तिसरा काप, असे टप्प्याने घेतो? एका घावात पडणारी फांदी खोडाची साल खालपर्यंत ओरबाडून नेते. दुसरे, तो झाडाचा शेंडा सरसकट उडवतो काय? शेंडा उडवलेल्या झाडाला जे धुमारे फुटतात ते वरच्या थरालाच चिकटलेले असतात. काही वर्षांनी वादळात तेच मोडून पडतात, आणि मग झाड धोक्याचे होते म्हणून तोडले जाते. तिसरे, तो मुळांचा विचार करतो काय? बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दीडदोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. बुंध्यापर्यंत सिमेंट आणून ओतणे किंवा नालीसाठी एका बाजूची मुळे तोडणे म्हणजे झाडाला उभ्या उभ्या मारणे होय. ते पडते दोनतीन पावसाळ्यांनी. तोवर नाली खणणारा विस्मरणात गेलेला असतो.

नगरपरिषद असो की ग्रामपंचायत, तिला याहून थोडे अधिक करता येईल. प्रत्येक गावाला वृक्षवैद्य पगारावर ठेवणे परवडणार नाही. परंतु कौटिल्याची सवलत अजून खुली आहे. स्वतःला ज्ञान नसेल तर ज्ञात्याला सोबत घ्यावे. वनशास्त्राचा पदवीधर, निवृत्त वनपाल, महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, आणि पळसाची फूट ओळखणारा एखादा जुना लाखवाला, अशा चौघांना वर्षातून दोनदा गावातील मोठ्या झाडांपुढून फिरवून आणले, त्यांनी पाहिलेले एका वहीत लिहून ठेवले, आणि छाटणीचा ठेका देताना ती वही पुढे ठेवली, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. छाटणाऱ्या मजुरांना पावसाळ्यापूर्वी दोन दिवस प्रत्यक्ष झाडावर शिकवावे आणि शिकलेल्यालाच काम द्यावे. मजुराची मजुरी त्याने वाढेल, आणि तो झाडावरून पडून जायबंदी होण्याचा संभवही कमी होईल. या कामात मरतो तो दोर आणि शिक्षण यांवाचून वर चढवलेला गरीब मनुष्य, ही गोष्ट झाडाच्या प्रेमात आपण विसरू नये.

गोंदामुळे ज्या गावाचे नाव पडले, त्याच्या वाढत्या शिवेवर फुलचूर उभे आहे. तेथील जी झाडे येत्या दहा वर्षांत टिकतील ती पुढच्या पन्नास वर्षांची सावली होतील. जी जातील त्यांची भरपाई आपल्या हयातीत होणार नाही. ती टिकवणे हे आता इच्छेचे काम राहिलेले नसून विद्येचे काम झाले आहे. ती विद्या शेजारच्या बालाघाटात एके काळी शिकवण्यासाठी शाळा निघाली, आणि रानातल्या माणसांना ती शाळेवाचून येत होती. दोन्हीकडे विचारण्यास जाणे अवघड नाही. कुऱ्हाड उचलण्यापूर्वी जावे, इतकेच आम्हांस सांगावयाचे आहे.